कण्याची शस्त्रक्रिया आणि दाबव्रण

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही मूळची केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेली वसाहत. तेथून जवळच, रिंग रोडच्या परिसरात, देशातील दोन मोठी रुग्णालये आहेत. दुसऱ्या महायुद्धात 1942 मध्ये अमेरिकन सैन्यासाठी उभारलेले सफदरजंग रुग्णालय हे एक, आणि 1956 मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था हे दुसरे. अपघातात कणा मोडलेले, कण्याच्या क्षयाने पाय लुळे पडलेले, मणक्यांमधील चकती सरकलेले असे रुग्ण अनेक राज्यांतून येथे येतात. त्यांच्यापैकी पुष्कळांवर शस्त्रक्रिया करावी लागते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी एक वेगळेच संकट रुग्णापुढे उभे राहू शकते. त्याचा उगम कण्यात नसून कातडीत व तिच्याखालील मांसात असतो. यालाच दाबव्रण म्हणतात. बोलण्यात आपण त्याला शय्याव्रण किंवा ‘बेडसोअर’ म्हणतो. परंतु त्याचे खरे कारण शय्या नसून दाब होय.

दाबाने जखम कशी होते?

एक सोपा प्रयोग करून पाहावा. एका हाताच्या बोटाचे नख दुसऱ्या हाताने दाबून धरा. नखाखालचा भाग पांढरा पडतो. दाब सोडताच तो पुन्हा गुलाबी होतो. दाबामुळे अतिसूक्ष्म केशवाहिन्या मिटतात व तेथील रक्तपुरवठा थांबतो. दाब लवकर सुटला तर काहीच बिघडत नाही. तो तासन्‌तास तसाच राहिला, तर प्राणवायूविना तेथील पेशी मरू लागतात.

केशवाहिनीच्या आरंभी रक्ताचा दाब सुमारे 32 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, असे मोजमापांवरून आढळले आहे. ही काही सर्वांना सारखी लागू पडणारी लक्ष्मणरेषा नव्हे. तथापि तुलनेसाठी ती उपयोगी आहे. आता थोडे गणित करू. एका माणसाचे वजन 60 किलोग्रॅम आहे व ते 4,000 चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर सारखे विभागले गेले आहे असे समजा. मग दर चौरस सेंटिमीटरवर 15 ग्रॅम, म्हणजे सुमारे 11 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पडेल. हेच वजन केवळ 900 चौरस सेंटिमीटरवर आले, तर दाब सुमारे 49 मिलिमीटर होईल. वजन तेच, क्षेत्र कमी झाले म्हणून दाब वाढला. प्रत्यक्षात हाडांच्या उंचवट्यांवर तो याहूनही अधिक असतो.

निरोगी माणसाला झोपेतही हा दाब बोचतो आणि तो नकळत कूस बदलतो. वेदना व हालचाल हे निसर्गाने दिलेले दोन पहारेकरी होत. भूल दिलेल्या माणसाचे हे दोन्ही पहारेकरी निजलेले असतात.

पालथ्या देहाची अडचण

कण्यापर्यंत पाठीकडून पोहोचावयाचे असल्यास रुग्णाला पालथे निजवावे लागते. अशा वेळी त्याचे पोट मोकळे लोंबते ठेवतात. पोटावर दाब आला तर कण्याभोवतीच्या नीला रक्ताने फुगतात व शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढतो. म्हणून शरीराचा भार छाती व कटी यांच्याखालील गाद्यांवर आणि पायांवर तोलला जातो. पोट मोकळे राहते ते योग्यच. पण त्यामुळे सर्व भार थोड्या जागांवर येऊन पडतो. कपाळ, गाल, हनुवटी, छाती, कटीच्या हाडांची पुढील टोके, गुडघे व पायांची बोटे ही धोक्याची ठिकाणे होत. डोळ्याच्या बुबुळावर तर दाब मुळीच येता कामा नये. त्याने दृष्टी जाण्याचे भय असते.

त्यातच शस्त्रक्रिया चार, सहा किंवा त्याहून अधिक तास चालते. रक्तदाब उतरला, रक्त पुष्कळ गेले अथवा शरीर थंड पडले, तर कमी दाबानेही केशवाहिन्या मिटू शकतात. कातडी धुण्याचे औषध अंगाखाली साचल्यास ती ओली व नाजूक होते. मधुमेही, वृद्ध, कुपोषित, अतिकृश तसेच अतिस्थूल रुग्णांना धोका अधिक असतो. कण्याच्या क्षयाने खंगलेल्या रुग्णाच्या हाडांवर मांसाचे आवरणच थोडे उरलेले असते.

म्हणून दक्ष शस्त्रक्रियागृहात आधी रुग्णाची कातडी तपासून नोंद करतात. हाडांच्या जागी मऊ गाद्या देतात, आवश्यक तेथे फोमची पट्टी लावतात आणि डोळे व चेहरा ठरावीक वेळाने पाहतात. शस्त्रक्रिया संपल्यावर कातडी पुन्हा तपासतात.

उशिरा दिसणारी जखम

दाबाचा घाव पुष्कळदा आतून बाहेर येतो. हाडालगतचे स्नायू कातडीहून आधी मरतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर कातडी चांगली दिसते आणि दोन-तीन दिवसांनी तेथे जांभळट डाग उमटतो. मग हा दोष वॉर्डातील अंथरुणाचा, असा समज होतो. वास्तविक त्याचे बीज शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेले असते.

व्रणाच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत कातडी अखंड असते, परंतु बोटाने दाबले तरी लाली जात नाही. दुसरीत वरचा थर सोलवटतो. तिसरीत चरबीपर्यंत व चौथीत स्नायू किंवा हाडापर्यंत खड्डा पडतो. आपल्याकडील सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबू नये. शेजारच्या भागाशी तुलना करून ती जागा अधिक गरम वा थंड, कठीण वा पिळपिळीत लागते काय, हे हाताने पाहावे आणि तेथे दुखते काय, हे रुग्णाला विचारावे.

वॉर्डात आणि घरी

रुग्ण उताणा झाला की धोक्याच्या जागा बदलतात. डोक्याची मागील बाजू, माकडहाडाजवळचा भाग आणि टाचा यांवर भार येतो. मानेच्या पट्ट्याखाली हनुवटी, कंबरपट्ट्याखाली त्याच्या कडा जेथे टेकतात त्या जागा, याही रोज पाहाव्यात. डॉक्टरांच्या परवानगीने रुग्णाची कूस ठरावीक वेळाने, साधारणपणे दर दोन तासांनी, बदलतात. दोघा-तिघांनी मिळून त्याला ओंडक्यासारखे एकसंध वळवावे, म्हणजे कण्याला पीळ बसत नाही. त्याला ओढू नये, उचलावे. ओढल्याने कातडी एकीकडे व हाड दुसरीकडे सरकून आतील रक्तवाहिन्या ताणल्या जातात. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. अंथरूण कोरडे व सुरकुत्यांविना असावे. आहारात डाळी, दूध, अंडी अशी प्रथिने असावीत.

दोन गैरसमज टाळले पाहिजेत. लाल झालेली जागा चोळू नये. आतील दुखावलेल्या पेशींना त्याने आणखी इजा होते. तसेच मध्ये भोक असलेली गोल गादी वापरू नये. तिच्या कडेने दाब वाढून मधल्या भागाचा रक्तपुरवठा घटतो.

एका इतिहासाची साक्ष

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक दाबव्रण व मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांनी लवकरच दगावत. 1944 मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळविण्याचा कडक नियम घातला. नीट शुश्रूषा केल्यास हे रुग्ण जगतात, हे तेथे दिसून आले. तेथेच 1948 मध्ये सुरू झालेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक उदयास आले. 1965 च्या युद्धात कण्यात गोळी लागलेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. पुण्याजवळ खडकी येथे 1974 पासून पक्षाघातग्रस्त सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. कणा दुखावला म्हणजे आयुष्य संपले, असे आता कोणी मानू नये. मात्र पुढचे आयुष्य कातडीच्या रक्षणावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

ज्याला दुखणे कळत नाही व हलता येत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने ते जाणावे व त्याला हलवावे, हा या सर्व उपायांचा सारांश होय. शस्त्रक्रियागृहात हे काम डॉक्टर व परिचारिका करतात. वॉर्डात त्यांच्या जोडीला नातेवाईक येतात. घरी ते सर्वस्वी कुटुंबाचे होते.

अभ्यासासाठी प्रश्न

1. वजन तेच असताना दाब कशामुळे वाढतो? 54 किलोग्रॅम वजन 3,000 व 600 चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर विभागल्यास दर चौरस सेंटिमीटरवर किती भार येईल?
2. शस्त्रक्रियेत पोट मोकळे ठेवण्याचा लाभ कोणता व त्यातून कोणती अडचण उद्भवते?
3. दाबव्रण दोन-तीन दिवसांनी का दिसतो? सावळ्या कातडीवर तो कसा ओळखावा?