गोठणारी जमीन आणि घराचा पाया

आपल्याकडे देशावर घर बांधावयाचें झालें म्हणजे गवंडी प्रथम काळी माती उकरून मुरूम लागेपर्यंत पाया खणतो. काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते आणि तिजवर उभारलेली भिंत तडकते, हें त्यास पिढीजात अनुभवानें ठाऊक असतें. थंड देशांतील गवंड्यासहि असेंच संकट आहे. मात्र तेथें जमीन फुगविणारा शत्रु बर्फ होय. त्याचा बंदोबस्त कसा करितात, याचा विचार आपण येथें करूं.

पाणी गोठलें असतां त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें, हें विद्यार्थ्यांस विदित आहेच. तेव्हां जमीन उचलली जाण्याचें कारणहि एवढेंच असावें, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेंतील भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनीं १९३० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मातींत पाण्याऐवजीं बेंझीन घातलें. बेंझीन गोठतांना आकुंचन पावतें. तरीहि माती वर उचलली गेली! यावरून असें दिसून आलें कीं, दिव्याची वात जशी तेल ओढते, तशी बारीक कणांची माती खालचें पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढून घेते. तेथें बर्फाच्या चकत्या बनतात व त्या जाड होत होत वरील फरशीस व भिंतीस उचलूं लागतात. हें उचलणें सर्वत्र सारखें नसतें, म्हणून घर तडकतें. पुढें वसंत ऋतूंत बर्फ वितळला कीं माती चिखलासारखी मऊ होऊन तेंच घर खचतें.

म्हणजे या अनर्थास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: कडक थंडी, पाणी आणि गाळवट माती. यांतील एक जरी दूर केली, तरी घर वांचतें.

जुना उपाय असा कीं, थंडी पोहोंचणार नाहीं इतका पाया खोल न्यावयाचा. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत दक्षिण भागांत ४२ इंच व उत्तर भागांत ६० इंच खोलीचा नियम आहे. उपाय खात्रीचा खरा. परंतु इतकें खणणें व काँक्रीट भरणें यांचा खर्च गरीब कुटुंबास जड जातो.

दुसरा उपाय युक्तीचा आहे. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या देशांत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चांगलाच रूढ झाला. कांबळें स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. अंगची ऊब तें बाहेर जाऊं देत नाहीं इतकेंच. त्याचप्रमाणें फरशीच्या बाहेरील कडेस पॉलिस्टायरीनचे उष्णतारोधक तक्ते उभे लावितात आणि थंडी फार असल्यास तसेच तक्ते जमिनीखालीं बाहेरच्या बाजूस, किंचित् उतार देऊन, आडवे पसरितात. घरांतील ऊब फरशीवाटे खालीं उतरते, ती या आवरणामुळें पायाखालीं टिकून राहते. मग पाया १२ ते १६ इंच खोल असला तरी भागतें. घराच्या कोपऱ्यांवर दोन बाजूंनीं थंडी येते, म्हणून तेथें आडवे तक्ते अधिक रुंद घालितात. फरशीखालीं खडीचा थर देऊन पाण्यासहि वाट करून देतात. तक्त्यांचा जमिनीवर उघडा राहणारा भाग ऊन व धक्के यांपासून गिलाव्यानें झांकितात.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरिली पाहिजे. फरशीखालीं जाड आवरण घातलें आणि कडा मात्र उघडी ठेविली, तर घरांतील ऊब मातीस मिळत नाहीं व बाहेरील थंडी कडेनें आंत शिरते. संरक्षणाऐवजीं नुकसानच होतें. तसेंच, ज्या इमारतींत हिंवाळ्यांत शेगडी पेटत नाहीं, तिला ही रचना पुरत नाहीं. तेथें संपूर्ण फरशीखालीं व भोंवतालींहि आवरण घालून भूमीच्या पोटांतील ऊबच राखावी लागते.

पर्वतावरील प्रवचनांतील दोन घरांचा दृष्टांत आपणांस परिचित आहे. तेथें परीक्षा पुराची होती, येथें ती हिंवाची आहे. उन्हाळ्यांत दोन्ही घरें सारखींच भक्कम दिसतात. कोणी कडेची काळजी घेतली व कोणी घेतली नाहीं, हें पहिलाच कडक हिंवाळा सांगतो. जें उद्यां मातीआड होणार आहे, तें काम आज कोणी पाहत नसतांहि चोख करणें, हा या विषयांतील मुख्य धडा होय. आणि आमच्या विद्यार्थ्यांस तो केवळ बांधकामापुरताच उपयोगी पडेल असें नाहीं.