सिगारेट, विडी आणि व्हेप : एक तुलनात्मक विचार

गेल्या काही वर्षांत पालक आणि महाविद्यालयीन मुले यांच्यात एक नवाच वाद ऐकू येऊ लागला आहे. मुलाच्या दप्तरात पेनसारखी किंवा पेनड्राइव्हसारखी एखादी वस्तू सापडते आणि ती व्हेप, म्हणजे ई-सिगारेट निघते. मुलगा म्हणतो, हिच्यात तंबाखू नाही, धूर नाही, नुसती वाफ आहे. इंग्लंडच्या सरकारी संस्थेनेच ही सिगारेटपेक्षा पंच्याण्णव टक्के कमी घातक असल्याचे सांगितले आहे. वडील म्हणतात, सगळी विषे सारखीच. (हे सांगताना वडिलांच्या गालात बहुधा तंबाखूचा बार असतो, ही गोष्ट वेगळी.) दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. ऐकीव गोष्ट, रूढी किंवा कोणा मोठ्याचा शब्द यांवर न विसंबता स्वतः पारखून घ्यावे, असे तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले. त्याच रीतीने हा प्रश्न तपासून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

सिगारेटचा मुख्य अपाय होतो तो जळण्यामुळे. झुरका ओढताना तिच्या पेटत्या टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. एवढ्या उष्णतेत तंबाखूच्या पानाची मोडतोड होऊन धुरात ७,००० हून अधिक रसायने उतरतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. टार नावाचा चिकट काळा पदार्थ फुप्फुसात साचतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि हृदयाला प्राणवायू कमी पडू लागतो. निकोटीन हे द्रव्य व्यसन लावते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. पण कर्करोगाचे प्रमुख कारण ते नव्हे, धुरातील इतर द्रव्ये होत. माणसे निकोटीनसाठी सिगारेट ओढतात आणि मरतात मात्र टारमुळे, या आशयाचे विधान ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये केले होते. जळण वगळून केवळ निकोटीन द्यावे, ही ई-सिगारेटमागची कल्पना याच विचारातून आली.

येथे विडीचा उल्लेख केलाच पाहिजे. विडीत तंबाखू कमी, म्हणून ती सौम्य, असा समज आपल्या वस्त्यांतून अजून आहे. तेंदूच्या पानातून हवा सहज जात नाही, विडी विझू नये म्हणून झुरके वरचेवर आणि जोराने घ्यावे लागतात. परिणामी टार, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच, उलट अधिकच शरीरात जाते. विडीशी आपल्या समाजाचे नाते केवळ ओढण्याचे नाही, वळण्याचेही आहे. ‘जय भीम’ हे अभिवादन ज्यांनी रूढ केले त्या कामठीच्या बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी ठेकेदारांच्या पिळवणुकीविरुद्ध विडी मजुरांना संघटित केले होते. दिवसभर तंबाखूच्या भुकटीत बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या श्वसनाचे विकार हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता व्हेप. चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये आजच्या पद्धतीची ई-सिगारेट तयार केली. एक छोटी बॅटरी, तारेचे वेटोळे आणि द्रवाची कुपी एवढाच तिचा संसार. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि आंबा-पुदिन्यापासून चॉकलेटपर्यंतचे कृत्रिम स्वाद असतात. वेटोळे तापले की द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत मिसळतात आणि तेच आत ओढले जातात. म्हणजे ही चहाच्या कपावरची वाफ नव्हे. वेटोळे जास्त तापले तर त्यात फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिन तयार होतात. तारेतून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे कण सुटतात. डायअॅसिटिल हा लोण्यासारखा वास देणारा स्वाद खाण्यात निर्धोक मानला जातो; पण अमेरिकेतील मिसुरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील कामगारांच्या फुप्फुसांना तो हुंगून कायमची इजा झाल्याचे २००० साली उघड झाले. खाण्यास चालते ते श्वासात घेण्यासही चालते, असे धरून चालणे धोक्याचे आहे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

असे असले तरी सिगारेटच्या धुराशी तुलना केली तर व्हेपमधील घातक द्रव्यांची संख्या आणि मात्रा बरीच कमी असते, हे मान्य केले पाहिजे. टार नसते, कार्बन मोनॉक्साइड जवळपास नसतो. सिगारेट पूर्ण सोडून व्हेपकडे वळलेल्यांच्या रक्तात आणि लघवीत कर्करोगकारकांचे प्रमाण घटलेले आढळते. मुलांच्या तोंडी असलेला पंच्याण्णव टक्क्यांचा आकडा पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेने २०१५ मध्ये दिला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही साधारण तसेच मत दिले. परंतु हा आकडा रुग्ण मोजून काढलेला नाही. तज्ज्ञांच्या एका गटाने चर्चा करून दिलेल्या अंदाजावर तो मुख्यतः आधारलेला आहे, आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. फुप्फुसाचा कर्करोग व्हायला वीस-तीस वर्षे लागतात. चाळीस वर्षे व्हेप ओढलेला माणूस तर अजून जगात नाही. सिगारेटची सवय घरोघरी पसरल्यानंतर कित्येक वर्षांनी, १९५० मध्ये, रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा पुरावा पुढे आला. तोवर सिगारेटही निर्धोक मानली जात होती.

तात्काळ होणाऱ्या इजेचे उदाहरण मात्र समोर आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारे तरुण अचानक धाप लागून रुग्णालयांत येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. तपासात मुख्य संशय व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थावर आला. गांजातील द्रव्य असलेल्या, बहुतांशी चोरट्या बाजारातील कुप्यांत तो मिसळलेला होता. हे रुग्ण नेहमीच्या निकोटीन-द्रवाचे बळी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आपल्याकडे जी काही व्हेप मिळते ती सगळी चोरट्या बाजारातलीच, आणि कुपीत काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठा प्रश्न निकोटीनचा आहे. नव्या कुप्यांत निकोटीन क्षाररूपात असते, त्यामुळे घसा खवखवत नाही आणि पहिल्याच दिवशी भरपूर मात्रा सहज जाते. युरोपीय संघाने एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. अमेरिकेतील एका प्रसिद्ध कंपनीच्या कुपीत ते ५९ मिलिग्रॅमपर्यंत होते. मेंदूची वाढ साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. या वयात निकोटीन लागले तर एकाग्रता आणि मनावरचा ताबा यांवर परिणाम होतो, आणि व्यसन प्रौढापेक्षा लवकर जडते. सिगारेट संपते तशी व्हेप संपत नाही. तास-दोन तास हातात राहते, म्हणून किती ओढले याचा हिशेबही राहत नाही.

मग व्हेपचा काही उपयोग आहे की नाही? याचे उत्तर शोधताना विनयपिटकातील एक प्रसंग आठवतो. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात आयुष्मान पिलिन्दवच्छ यांच्या मस्तकशूळाची हकीकत आहे. डोक्याला तेल लावून, नाकात औषध घालूनही आराम पडेना, तेव्हा औषधी धूर ओढण्याची आणि पुढे त्यासाठी ‘धूमनेत्त’ म्हणजे नळी वापरण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली. लवकरच काही भिक्खू सोन्यारुप्याच्या नक्षीदार नळ्या बाळगू लागले. लोक नावे ठेवू लागले, तेव्हा तशा नळ्यांना मनाई होऊन हाड, बांबू, लाकूड अशा साध्या नळ्या तेवढ्या राहिल्या. (तंबाखू भारतात पोर्तुगीजांबरोबर आली, तेव्हा या प्रसंगाचा आधार घेऊन कोणी सिगारेटचे समर्थन करू नये.) धूर कोणी, कोणत्या आजारासाठी घ्यायचा, हा तेथे विचार होता. नळीची शोभा आली तेथे औषध मागे पडले.

नेमके हेच व्हेपबाबत झाले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांचे दोन गट केले. एका वर्षानंतर ई-सिगारेट दिलेल्या गटातील १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, निकोटीनच्या चघळगोळ्या, पट्ट्या वगैरे दिलेल्या गटातील ९.९ टक्के. म्हणजे जुनाट धूम्रपान करणाऱ्यास तिचा उपयोग झाला. पण सिगारेट सुटलेल्यांपैकी व्हेपच्या गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते; दुसऱ्या गटात चघळगोळ्या-पट्ट्यांवर राहिलेले होते ९ टक्के. शिवाय जे सिगारेटही ओढतात आणि व्हेपही, त्यांना फारसा लाभ होत नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा भरतो. ज्या मुलाने कधी सिगारेटला हातच लावलेला नाही, त्याच्या व्हेपची तुलना सिगारेटशी करण्यात अर्थ नाही. ती स्वच्छ हवेशी केली पाहिजे, आणि त्या तराजूत व्हेप हरते.

भारतात ही तुलना आणखी एका कारणाने लंगडी पडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ सुमारे ४ टक्के आहेत. तंबाखू, खर्रा, गुटखा, मशेरी अशी धूर नसलेली तंबाखू घेणारे मात्र सुमारे २४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पानटपरीवरचा अनुभव सर्वांना ठाऊक आहे. दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावणाऱ्या आपल्या आया-आज्यांना ते व्यसन आहे हे कोणी सांगतही नाही. मुलाच्या व्हेपवर घरात चर्चा होईल तेव्हा हा डबाही पुढे ठेवावा लागेल.

कायद्याची माहिती थोडक्यात अशी. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मित्रांसाठी दोन-चार आणून विकणारा विद्यार्थीही विक्रेताच ठरतो. सिगारेट आणि तंबाखू १८ वर्षांखालील मुलांना, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विकणे हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या शाळेसमोरच्या टपरीचे अंतर मोजायला फार वेळ लागत नाही.

सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी आहे. निकोटीनच्या चघळगोळ्या आणि पट्ट्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. तलफ येते तेव्हा ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. चिडचिड, झोप न लागणे यांचा जोर पहिल्या आठवड्यात असतो, मग उतरत जातो. अनापानसतीचा सराव असलेल्या उपासकांना ती मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून काढता येतात. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये काढलेले निष्कर्ष असे : आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षे आधी मरतो, तिशीत सोडली तर ती जवळजवळ सर्व वर्षे परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे तीन.