आधी दोन पानं, मग गप्पा

अगं, रात्री उशिरा पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. लेखिकांच्या गटात सगळा दिवस जातो, लिहून मात्र काहीच होत नाही, तेव्हा गट सोडून देऊ का, असं विचारलंस. नको सोडूस. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. कारणं सावकाश सांगते, चहा घेऊन बस.

बघ, तुझ्या घरात माणसांची वाण नाही. पण तुझ्या कथेतली आत्या शेवटी घर सोडेल की नाही, हे त्यांतल्या कुणाला विचारणार तू? नवरा चांगला आहे गं तुझा, तरी तो "सोडू दे की" म्हणेल आणि पेपरचं पान उलटेल. हाच प्रश्न गटात टाकलास की परभणीची एक, ठाण्याची एक आणि तिकडे अमेरिकेत दिवस असतो म्हणून जागी असलेली एक, अशा तिघीजणी त्या आत्याची काळजी करायला लागतात. आपल्या मनातल्या माणसाची दुसऱ्या कुणी काळजी करावी, हे लिहिणाऱ्या बाईला फार क्वचित मिळतं. मिळालंय तर हातचं घालवू नकोस.

आणि लिहिणाऱ्यांना सोबत लागते, ही काही मोबाईलनं लावलेली सवय नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी रविवारी चहाला जमायची, एकमेकांना कविता वाचून दाखवायची. त्या मंडळात मनोरमाबाई रानडेही होत्या. शंभर वर्षांपूर्वी पुरुषांच्या बैठकीत बसून एका बाईनं आपली कविता पुढे ठेवायची म्हणजे काय, याचा मी पुष्कळदा विचार करते आणि मला त्यांचा फार अभिमान वाटतो. तिथं गप्पा होत्या, चहा होता, थट्टामस्करीही असणारच. पण रविवार आठवड्यातून एकदाच यायचा. उरलेले दिवस जो तो आणि ज्याची त्याची कविता. तुझ्या गटात रोजच रविवार आहे गं, एवढाच काय तो घोटाळा.

आता तू म्हणशील, मग वेळच जातो ना! खरं सांगू का, वेळ जातो हे दुखणं वरवरचं आहे. वेळ तर बाई न आल्यानंही जातो, मुलाच्या शाळेतून अचानक चार्टपेपर मागितल्यानंही जातो. त्याचं मला भय वाटत नाही. मला भय वाटतं ते तू कथा लिहिण्याआधी सांगून टाकतेस त्याचं. तुला सुचलं की तू लगेच गटात टाकतेस, "मैत्रिणींनो, एक भन्नाट कल्पना आली आहे", आणि मग ती आत्या, तिचा वाडा, तिनं पुरून ठेवलेल्या पाटल्या, सगळं भराभर सांगतेस. बदाम येतात, टाळ्या येतात, "लिहीच तू" येतं. तुझं मन तिथंच भरतं. कुकरची वाफ मधेच सोडली तर डाळ कच्चीच राहते, तसं होतं ते. दुसऱ्या दिवशी लिहायला बसतेस तेव्हा सांगायची ओढच उरलेली नसते, कारण सांगून झालेलं असतं. मग तुला वाटतं, आपल्यात लिहिण्याची कुवतच नाही. कुवत आहे. फक्त पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत कथा कुणालाही सांगायची नाही. मलासुद्धा नाही. गटात काय सांगायचं? "आज दोन पानं झाली" एवढंच. किंवा "आज झाली नाहीत". तेही मोकळेपणानं सांग, कुणी शिक्षा करत नाही.

दुसरी गोष्ट जरा घरातली आहे. तू मोबाईलवर लिहितेस, हो ना? भाजी चिरता चिरता, रिक्षात, निजलेल्या मुलाशेजारी अंधारात मोबाईलवर लिहिता येतं, ही मोठी सोय आहे. मराठीत बोललेलंही आता फोन टाईप करून देतो, पोळ्या लाटता लाटता संवाद बोलून ठेवता येतात. पण घरातल्यांना काय दिसतं? सून मोबाईलमध्ये डोकं घालून बसली आहे, एवढंच. सासूबाईंचा तरी काय दोष? कथा लिहिणं आणि गटात आंब्याच्या लोणच्यावर वाद घालणं, लांबून दोन्ही सारखंच दिसतं. बघ, एक वही आण. साधी, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. रोज ठरलेल्या वेळी ती घेऊन ठरलेल्या जागी बस, भले ती जागा स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारचं स्टूल असो. वहीत लिहिणाऱ्या बाईला घरातलं माणूस हाक मारताना क्षणभर थांबतं. मोबाईलवाल्या बाईला थांबत नाही. हे बरोबर की चूक, यावर आपण पुढे कधीतरी भांडू. आत्ता तुला अर्धा तास हवा आहे, तो वही मिळवून देते. आणि वहीत नोटिफिकेशन येत नाही, हा वरचा फायदा.

गटाचं काय करायचं ते सांगते. गट म्यूट कर, कायमचा. त्यात 'नेहमीसाठी' असा पर्याय असतो, आठ तासांवर थांबू नकोस. मग तो अर्काइव्हमध्ये टाक, म्हणजे फोन उघडताक्षणी हिरवा आकडा डोळ्यांपुढे नाचणार नाही. गट जातो कुठे? तिथंच असतो. दुपारी जेवण उरकलं की एकदा आणि रात्री एकदा, मनसोक्त बघ. दोनशे मेसेज साचले असतील तर सगळे वाचायचं कर्ज तुझ्यावर नाही. वर सरकवत सरकवत सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे केक, कुणाच्या नणंदेच्या मुलीचं स्थळ, हे सगळं सोडून दे. मात्र एखादीनं "सासरे गेले" असं लिहिलं असेल तर तिला गटात हात जोडलेलं चित्र टाकून मोकळी होऊ नकोस, सरळ फोन कर. सोबत सोबत म्हणतो ती तिथंच कळते.

आणि एक चांगली रीत लाव तुमच्यात. शांत बैठक. आठवड्यातून दोनदा, सगळ्यांना जमेल अशा वेळी व्हिडिओ कॉल लावायचा. पहिली पाच मिनिटं कोण काय लिहिणार ते एकेका वाक्यात सांगायचं, मग माईक बंद करून पंचवीस मिनिटं प्रत्येकीनं आपापलं लिहायचं. कॅमेरा हवा तर ठेवा, नको तर नको. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून पंचवीस-पंचवीस मिनिटं अभ्यासाला बसायला सुरुवात केली होती. पुढे ती पद्धत जगभर गेली. स्वयंपाकघरातला टायमर म्हणजे आपल्याच राज्यातली वस्तू की गं! पंचवीस मिनिटं कुणालाही काढता येतात. घरात सांगून ठेवायचं की घंटा वाजेपर्यंत आई नाही. मूल रडलं तर ऊठ, दूध उतू गेलं तर ऊठ. पण परत येऊन बस. समोर चौघींच्या माना खाली घातलेल्या दिसल्या की आपलीही मान खाली जाते. गटाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि त्यात एक शब्दही बोलावा लागत नाही.

असं एकत्र बसून लिहिण्याची मोठी जत्रा अमेरिकेत भरायची. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या एकवीसजणांनी ठरवलं की एका महिन्यात कादंबरी लिहायची. पुढे दर नोव्हेंबरला हजारो लोक त्यात उतरू लागले. महिन्याला पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. हा उपक्रम चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण ठरावीक वेळ लावून सगळ्यांनी एकदम लिहायचं, ही त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे. त्यांचा आकडा मात्र घेऊ नकोस. तुमच्या गटात कुणी "रोज दीड हजार शब्दांचं आव्हान" काढलं की तू धावत नाव देतेस आणि तिसऱ्या दिवशी तोंड लपवतेस. रोज दोनशे शब्द धर. वहीची जेमतेम दोन पानं झाली ती. अडीच हजार शब्दांची कथा त्या हिशेबानं तेरा दिवसांत होते. आजारपणं, पाहुणे आणि सणवार धरून महिना लाव. महिन्याला एक खर्डा! अगं, घर सांभाळून हे करणारी बाई मला दाखव, मी तिची दृष्ट काढीन.

आता कौतुकाविषयी बोलते, रागावू नकोस. गटात येणारं "वाह, अप्रतिम, निःशब्द" हे प्रेम आहे, मत नव्हे. प्रेम म्हणून ते पदरात घे, त्याचीही गरज असते. पण कथा सुधारायला त्याचा उपयोग नाही. गटातल्या दोघी निवड. एक तुझ्यासारखं लिहिणारी आणि दुसरी तुझ्यापेक्षा अगदी वेगळं लिहिणारी. पूर्ण झालेला खर्डा त्यांनाच वेगळा पाठव आणि नेमकं विचार: कुठे कंटाळा आला? कुठे कळलं नाही? कोणतं माणूस खोटं वाटलं? "कशी वाटली" असं विचारलंस तर "छान" हेच येणार. त्यांचं उत्तर आलं की एक दिवस काहीही लिहू नकोस, वाईट वाटून घे, रडायचं तर रड, आणि दुसऱ्या दिवशी वही उघड.

वेगळं लिहिणारी एकजण हवी म्हणाले, त्याला कारण आहे. सतत एकमेकींचं वाचून गटातल्या सगळ्यांचं लिखाण एकाच वळणाचं व्हायला लागतं. तुमच्या गटात सध्या प्रत्येक कथेच्या शेवटी पाऊस पडतो, तुझ्या लक्षात आलंय का? रविकिरण मंडळाच्या वेळीही काव्यातल्या अशाच ठरीव लकबी आचार्य अत्र्यांनी बरोबर हेरल्या आणि 'झेंडूची फुले'मधून त्यांचं विडंबन केलं. त्या कवींचं मोठेपण त्यानं कमी झालं नाही. पण एका बैठकीत बसणाऱ्यांना आपली लकब ऐकू येत नाही, एवढं त्यातून समजून घे. गटाबाहेरचं वाच. जुनं वाच, कोकणातलं वाच, विदर्भातलं वाच, शेतीवरचं वाच. ग्रंथालयाची वर्गणी तुझ्या महिन्याच्या मोबाईल पॅकपेक्षा बहुतेक ठिकाणी कमीच असते.

मत्सराचं तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं. तुझ्या जिवलग मैत्रिणीची कथा दिवाळी अंकाला घेतली आणि तुझी परत आली, तेव्हापासून गटात तू तिच्याशी गप्प आहेस. बघ, पोटात दुखणारच. लिहिणाऱ्या माणसाला ते झालं नाही तर नवल. त्यात तू वाईट ठरत नाहीस. फक्त तिला "अभिनंदन" लिहायला आठवडा लावू नकोस, आजच लिही, आणि तिनं कुठे, कधी, कशी कथा पाठवली ते विचारून घे. १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपल्याकडे दर दिवाळीला शेकडो पानं नव्या लिखाणाची वाट बघतात. तिच्या कथेनं तुझी जागा घेतलेली नाही. ती तुला संपादकाचा पत्ता देईल, तू तिला शुद्धलेखन तपासून दे. असंच चालतं हे.

आता पैशांचं आणि हक्कांचं, कारण याबाबत तू फार भोळी आहेस. पूर्ण कथा गटात चिकटवू नकोस. बहुतेक दिवाळी अंकांना अप्रकाशित साहित्य हवं असतं, आणि गटात टाकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नाव पुसून कुठल्या कुठे पोचते. महिन्याभरानं तीच तुला मावशी पाठवते, "बघ किती छान लिहिलंय कुणीतरी". कॉपीराइट तुझाच असतो. लिहिताक्षणी तो तयार होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण भांडत बसण्यापेक्षा न पाठवणं सोपं. पहिला परिच्छेद टाक हवा तर. आणि प्रातिनिधिक संग्रहात कविता छापायला पैसे मागणाऱ्यांना, सोबत रंगीत ई-प्रमाणपत्र देणाऱ्यांना, नम्रपणे नाही म्हण. त्या पैशांत आवडत्या लेखिकेचं पुस्तक येतं. दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यापासूनच सुरू होतं आणि जुलै-ऑगस्टपर्यंत बहुतेक लिखाण गोळा झालेलं असतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये घाई करून उपयोग नाही. कॅलेंडरवर मे महिन्याच्या पानावर आत्ताच खूण करून ठेव. एका वेळी एकाच संपादकाकडे पाठव, आपल्याकडे प्रत ठेव, आणि महिन्या-दीड महिन्यानं विनयानं विचारायला लाजू नकोस.

परवा बुधवारी दुपारी अडीच वाजता पहिली शांत बैठक घेऊ. मीही बसणार आहे, मलाही एक लेख संपवायचा आहे. खर्डा वाचायला निवडशील त्या दोघींना सांग आणि अभिनंदन लिहिलंस की त्या मैत्रिणीलाही बोलाव. मुलगा त्या वेळी झोपतो म्हणालीस, नाही झोपला तर त्याला रंगपेटी देऊन शेजारी बसव, चालेल. वही आणि दोन पेनं जवळ ठेव, पाण्याची बाटली आधीच भरून घे, नाहीतर त्या निमित्तानं उठशील. आणि आत्यानं घर सोडलं की नाही, हे मला फोनवर सांगायचं नाही हं. लिहून झालं की पाठव.