गुटगुटीत मूल निरोगी असतेच का?

मूल अंगाने भरलेले दिसले की आपण कौतुकाने म्हणतो, "खात्यापित्या घरचे दिसते." आपल्या आजी-आजोबांनी अर्धपोटी दिवस काढले, म्हणून हे कौतुक साहजिक आहे. पण आता ते तपासून पाहायला हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती. २०१९-२१ मध्ये ती ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे कुपोषण गेले नाही आणि लठ्ठपणाही आला. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुले (९.४ टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झाली आहेत.

चिखलोलीतल्या आपल्या घरांत हे कसे घडते? आई-वडील पहाटेच कामावर जातात. मुलाच्या हातात पाच रुपये ठेवले की कुरकुरीत पाकीट येते. त्यात मैदा, तेल, मीठ भरपूर. प्रथिने आणि लोह नावापुरते. पोट भरते, वजन वाढते, रक्त मात्र वाढत नाही. २५० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये सुमारे सहा चमचे साखर असते. त्यात खेळायला मैदान नाही, म्हणून मोबाइल.

सहा वर्षांवरील मुलासाठी घरीच एक तपासणी करा. मुलाच्या उंचीएवढी दोरी घ्या, बरोबर मध्ये दुमडा आणि बेंबीच्या किंचित वर पोटाभोवती धरा. टोके जुळली नाहीत, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मोफत तपासणी करते. आपल्या मुलाची उंची-वजनाची नोंद मागून घ्या.

मुलाला उपाशी ठेवू नका, "जाड्या" म्हणून चिडवू नका. पाकिटाऐवजी फुटाणे, शेंगदाणे, केळे किंवा उकडलेले अंडे द्या. रात्रीच्या भाकरीचा कांदा घालून केलेला कुस्करा, मटकीची उसळ, सुकटीची चटणी हे आपले जेवण कोणत्याही पाकिटापेक्षा सरस आहे. रोज तासभर मुलांना खेळू द्या. मैदान नसेल तर विहाराचे अंगण आहेच.

मुलांच्या शिक्षणासाठी आपण पोटाला चिमटा काढतो. त्या शिक्षणाला पेलणारे शरीरही आपणच घडवायचे आहे.