कुलूप दिसले तरी पत्ता वाचावा

वीजदेयक भरणे, जमिनीचा उतारा काढणे, दाखल्यासाठी अर्ज करणे ही कामे हुबळी-धारवाड परिसरातील पुष्कळ कुटुंबे आता घरी बसून मोबाइलवर करतात. त्यामुळे तालुक्याच्या गावचे हेलपाटे वाचले, हे खरेच. परंतु कचेरीत गेल्यावर तेथील माणसे व दारावरील फलक डोळ्यांना दिसतात. मोबाइलच्या पडद्यावर मात्र खरी कचेरी आणि तिचे सोंग ही दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील वा ओटीपी कोठेही भरण्यापूर्वी ते संकेतस्थळ कोणाचे आहे हे ओळखता येणे, हे आज साक्षरतेचेच एक अंग होय.

एक उदाहरण

‘मागील महिन्याचे देयक नोंदले गेलेले नाही, आज रात्री वीज तोडण्यात येईल,’ अशा आशयाचे खोटे संदेश २०२२ साली देशाच्या अनेक भागांतील वीजग्राहकांना आले. हुबळी येथे मुख्यालय असलेली हेस्कॉम ही कंपनी धारवाडसह सात जिल्ह्यांना वीज पुरविते. समजा, तिच्या नावाने असा संदेश एखाद्या ग्राहकास आला. संदेशाखालील लिंकवर बोट ठेवताच कंपनीचे बोधचिन्ह असलेले पान उघडले; वरच्या पट्टीत लहानसे कुलूपही दिसले. आता तरी त्याने विश्वास ठेवावा काय?

कुलपाचा अर्थ

पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असली म्हणजे आपण भरलेली माहिती संकेतलिपीत रूपांतरित होऊन जाते व वाटेत कोणास वाचता येत नाही. कुलूप हे याच व्यवस्थेचे चिन्ह आहे. ही पद्धती १९९४ पासून प्रचारात आली. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ पासून विनामूल्यही सहज मिळू लागले, आणि ते ठकासही मिळते. बंद पाकीट वाटेत कोणी फोडले नाही, एवढीच हमी कुलूप देते; पाकीट घेणारा मनुष्य प्रामाणिक आहे, अशी नाही. याच गैरसमजामुळे क्रोम या ब्राउझरने २०२३ साली ते चिन्ह काढून तेथे दुसरे चिन्ह ठेवले. तथापि ‘एचटीटीपीएस’ नसलेल्या पानावर खाजगी माहिती मुळीच भरू नये.

पत्ता कसा वाचावा

टपालाच्या पत्त्यात घर, गल्ली, गाव, जिल्हा असा क्रम असतो. मोठे ठिकाण शेवटी येते. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच आहे. आरंभीच्या जोडरेघांनंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तेथे थांबावे आणि तेथून उलट, उजवीकडून डावीकडे वाचावे. ‘हेस्कॉम डॉट कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यात ‘गव्ह डॉट इन’ हे शेपूट केवळ शासकीय संस्थांनाच मिळते. उलटपक्षी ‘हेस्कॉम डॉट बिल-भरणा डॉट कॉम’ असा पत्ता असेल, तर त्याचा मालक ‘बिल-भरणा’ या नावाचा कोणी इसम आहे. हेस्कॉम हे नाव त्याने केवळ पुढे चिकटविले. घरास ‘धारवाड निवास’ नाव दिल्याने ते घर धारवाडात येत नाही. नावातील इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य घातले, तर तेही घाईत ध्यानात येत नाही.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट ठरविले असून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्याचा स्वीकार करण्याचे निर्देश बँकांना दिले होते.

शेपूट निराळे असलेले प्रत्येक संकेतस्थळ खोटेच असते असे नाही. म्हणूनच संदेशातील लिंकवरून न जाता, देयकावर छापलेला पत्ता स्वतः टंकित करावा अथवा जवळच्या कार्यालयात विचारावे, हाच निर्धोक मार्ग होय. लिंकवरून एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगितल्यास ते कदापि घेऊ नये.

चूक झाल्यास

संकोच न करता तत्काळ आपल्या बँकेस कळवावे व १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका विलंब कमी, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

शिक्षक व कर्मचारी यांस

कार्यालयांनी आपल्या संकेतस्थळाचा अचूक पत्ता दर्शनी फलकावर मोठ्या अक्षरांत लावावा. शिक्षकांनी पुढील स्वाध्याय वर्गात करून घ्यावा. मुले तो घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत आपोआप पोहोचवितील.

स्वाध्याय

जमिनीच्या उताऱ्यासाठी पुढीलपैकी कोणता पत्ता शासकीय आहे, ते कारणासह सांगा :

(१) लँडरेकॉर्ड्स डॉट कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन

(२) कर्नाटक-गव्ह-इन डॉट उतारा-मिळवा डॉट कॉम