मध्यस्थ, शासन आणि अभिव्यक्ती

संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यावरील वाजवी निर्बंधांची कारणेही तेथेच नमूद केली. छापील मजकुराच्या बाबतीत शासन आणि लेखक-प्रकाशक समोरासमोर उभे असत. समाजमाध्यमांमुळे या दोहोंमध्ये तिसरा पक्ष आला. कायदा त्याला ‘मध्यस्थ’ म्हणतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ७९ व्या कलमानुसार, इतरांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला सामान्यतः जबाबदार धरले जात नाही. मात्र हे संरक्षण सशर्त आहे. बेकायदेशीर मजकुराची माहिती मिळूनही तो हटवला नाही, तर ते नाहीसे होते. शासनाच्या प्रभावाचे एक मूळ या अटीत आहे. एका अनोळखी माणसाच्या चार ओळींसाठी खटल्याचा धोका पत्करण्यापेक्षा त्या काढून टाकणे कंपनीला सोयीचे वाटते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. एकीने मत लिहिले होते. दुसरीने त्यास पसंती दर्शविली होती. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. मध्यस्थाने मजकूर हटवावयाचा तो न्यायालयाच्या आदेशावरून किंवा शासनाच्या सूचनेवरून, आणि तोही संविधानातील कारणांच्या मर्यादेतच, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

कलम ६९-अ मात्र वैध ठरले. त्याखाली मजकूर रोखण्यासाठी लेखी कारणे, समितीचा विचार आणि सुनावणी आवश्यक आहे. परंतु २००९ च्या नियमांत गोपनीयतेचीही तरतूद आहे. परिणामी, आपले लेखन का नाहीसे झाले, हे लेखकाला अनेकदा कळतच नाही; आणि जे कळत नाही त्याविरुद्ध दाद कशी मागावी?

२०२३ मध्ये केंद्र शासनाने, आपल्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा आहे हे ठरविणाऱ्या तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. उलट, सप्टेंबर २०२५ मध्ये मजकूर हटविण्याच्या सूचना देणाऱ्या ‘सहयोग’ या शासकीय व्यवस्थेविरुद्धची एक्स कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने फेटाळली.

अफवेमुळे दंगल उसळू शकते, बदनामीने आयुष्य उद्ध्वस्त होते. म्हणून निर्बंध अनावश्यक आहेत असे म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच, की निर्बंधाचे कारण लेखकासमोर मांडले जाते की नाही. मध्यस्थ गप्प राहिला, तरी नागरिकाचा हा हक्क उरलाच पाहिजे.