कळलावी : कुंडीतली कृती

कळलावी दारी लावली की घरात भांडणं होतात, असं आजी सांगायची. आमच्याकडे तिच्यावरून एकच भांडण झालं. उन्हाळ्यात कंद मातीत झोपलेला असतो आणि कुंडी रिकामी दिसते, म्हणून मार्चमध्ये कुणीतरी तीत कोथिंबीर पेरली आणि रोज तांब्याभर पाणी घातलं. मेअखेरीस मी माती उकरली, तर कंदाच्या जागी काळपट, कुबट लगदा हाताला लागला. तेव्हा पहिलं काम हेच : कुंडीवर ठळक अक्षरांत नाव लिहा.

कंद दिसायला लांबट रताळ्यासारखा, पण बहुधा दुबेळका. त्याच्या टोकाशी कोंबाचा डोळा असतो. तो दुखावला तर त्या वर्षीची वेल विसरा. म्हणून घेताना कंद किती जाड आहे यापेक्षा टोक शाबूत आहे का ते बघा. हातमोजे घाला. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बी तर फारच. कोल्चिसीन हे विष त्यांतच सर्वांत जास्त असतं. घरात रांगतं मूल किंवा माती उकरणारं कुत्रं असेल तर हा नाद नकोच.

कुंडी बारा इंच तरी खोल हवी. दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेला पालापाचोळा. नुसती काळी माती पाणी धरून बसते, ती नको. रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, कंद आडवा ठेवा आणि वर दोन-तीन इंच माती लोटा. पाणी घालण्याची घाई करू नका. पाऊस पडू दे. कुंडी छपराखाली असेल तर मृग लागल्यावर एकदा भिजवा आणि कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा.

कोंब वीतभर झाला की काटक्या रोवा, त्याही पेन्सिलीहून बारीक. पानाचं टोकच कुरळं होऊन आधाराला विळखा घालतं, आणि जाड बांबूला तो विळखा बसत नाही. मी पहिल्या वर्षी बांबूच लावला होता. वेल शेजारच्या जास्वंदीवर गेली.

कळी मान खाली घालून येते. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा नागमोडी. हिरवट पिवळ्यावरून नारिंगी, मग लालभडक व्हायला काही दिवस लागतात, त्यामुळे एकाच वेलीवर सगळे रंग दिसतात. श्रावण-भाद्रपदात रोज सकाळी गच्चीवर जायला तेवढं कारण पुरतं.

पावसाळा सरला की पानं पिवळी पडतात. वेल कापू नका, तिची ती वाळू द्या. पानांतलं सगळं खाली नव्या कंदात उतरत असतं. जुना कंद आटून जातो. वेल पूर्ण वाळली की पाणी बंद. कुंडी सावलीत, अवकाळी पाऊस लागणार नाही अशा जागी सरकवा आणि रोहिणीपर्यंत थेंबही घालू नका. माती भेगाळली तरी नाही.

बियांपासूनही वेल होते, पण फुलाला तीन-चार वर्षं थांबावं लागतं.

कंद डोंगरातून उकरून मात्र आणू नका. रोपवाटिकेतून घ्या, नाहीतर ज्यांच्याकडे वेल आहे त्यांच्याकडे उन्हाळ्यात एक कंद मागून ठेवा.